अपिलाला हरकत नाही, फुकटच्या स्थगितीला आहे

डिसेंबर २०२४ मध्ये बंगळूरमधल्या एका तरुण अभियंत्याने जीव दिला आणि त्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने एका घटस्फोटात पाच कोटींची एकरकमी पोटगी ठरवली. तेव्हापासून पोटगीचा विषय निघाला की माणसं लगेच दोन तंबूंत जाऊन बसतात. एका तंबूत ऐकू येतं, ‘कोर्ट बायकांचंच ऐकतं, म्हणून प्रत्येक निकाल वर न्यायलाच हवा.’ दुसऱ्यात ऐकू येतं, ‘नवरे अपिलांवर अपिलं करून बाईला दमवतात, म्हणून पोटगीच्या निकालावर अपीलच नको.’ दोन्हीकडे भांडण चालतं ते आकड्यांवरून. पाच कोटी जास्त की कमी, पगाराचा चौथा हिस्सा की तिसरा, असं. खालच्या कोर्टाचा निकाल लागल्यापासून अपिलाचा निकाल लागेपर्यंत घर कशावर चालवायचं, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. इथंच घोडं पेंड खातं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: अपिलाचा हक्क दोघांनाही हवा आणि तो कमी करू नये. पण अपील दाखल केलं म्हणून पैसे थांबवण्याची मुभा कुणालाही फुकट मिळू नये. ज्याला पोटगी कमी करून हवी आहे त्याने आधी ठरलेली पोटगी भरावी आणि मग खुशाल भांडावं.

मी वकील नाही. काही वर्षं कोर्टाच्या कागदांची मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करून देण्याचं काम केलं, एवढाच माझा संबंध. खालच्या कोर्टातल्या मराठी जबान्या, पावत्या, पत्रं हायकोर्टात न्यायची तर ती इंग्रजीत लागतात आणि त्याचे पानामागे पैसे पडतात. अपील किती महाग पडतं याचा पहिला अंदाज मला त्या पानांच्या हिशेबातून आला. दुसरं असं कळलं की लोक ज्याला सरसकट ‘अपील’ म्हणतात ती एक गोष्ट नाहीच. हिंदू विवाह कायद्यात १९५५ पासून दोन पोटग्या आहेत. दावा चालू असताना मिळणारी कलम २४ ची आणि घटस्फोटाबरोबर किंवा नंतर ठरणारी कलम २५ ची कायमची पोटगी. कायमच्या पोटगीवर रीतसर अपील होतं. त्याची मुदत २००३ पूर्वी तीस दिवस होती, आता नव्वद आहे. कुटुंब न्यायालयांचा १९८४ चा कायदा मात्र तीसच दिवस म्हणतो, आणि हा घोळ इतका वाढला की मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाला सांगावं लागलं की हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालांना नव्वद दिवसच लागू. अंतरिम पोटगीवर मात्र १९७६ च्या दुरुस्तीपासून अपील नाही. तिथे संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली रिट, म्हणजे हायकोर्टाने खालच्या कोर्टावर देखरेख करावी असा अर्ज, करावं लागतं, आणि त्यात हायकोर्ट पुरावा नव्याने तोलून पाहत नाही. पोटगीची तिसरी वाट फौजदारी बाजूची, दंड प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५. ते १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. त्यावर रिव्हिजन, म्हणजे निकालाची मर्यादित फेरतपासणी, होते. म्हणजे वर जाण्याच्या वाटा तीन, त्यांची रुंदी वेगवेगळी, आणि पक्षकाराच्या तोंडी शब्द एकच.

‘अपीलच नको’ म्हणणाऱ्यांची बाजू खोटी नाही. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातलं एक प्रकरण बघा. पत्नीने सप्टेंबर २०१३ मध्ये अर्ज केला, मूल तेव्हा तान्हं. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१५ मध्ये, तिला महिना १५,००० रुपये आणि मुलासाठी वेगळे असा आदेश झाला. तो अंतरिम, म्हणजे दावा संपेपर्यंतचा. नवरा हायकोर्टात गेला, २०१८ मध्ये हरला. मग सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तिथला निकाल लागला ४ नोव्हेंबर २०२० रोजी. तात्पुरत्या पोटगीचं भांडण सात वर्षं! कायदा म्हणतो की नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत असा अर्ज निकाली काढा. ज्या बाळासाठी ती पोटगी मागितली ते तोवर पहिली-दुसरीत गेलं. अशा वेळी कुणी वैतागून म्हणालं की वरच्या कोर्टाचे दरवाजेच बंद करा, तर त्या वैतागामागे अनुभव आहे. १९७६ ला संसदेने अंतरिम आदेशावरचं अपील काढलं ते असंच काहीतरी मनात धरून असावं. पण दरवाजा बंद झाल्यावर लोकांनी खिडकी शोधली, आणि या सातांतली शेवटची पाच वर्षं गेली ती अशाच खिडकीतून.

शिवाय दरवाजा बंद केल्याने नुकसान कुणाचं? इंदूरच्या शाहबानोंचं प्रकरण आपल्याला राजकारणासाठी आठवतं, त्यातला हिशेब कुणी काढत नाही. लग्न १९३२ चं, घराबाहेर काढलं १९७५ मध्ये. नवरा वकील. वर्षाला साठ हजारांच्या आसपास कमावतो, असं तिचं म्हणणं. १९७८ मध्ये तिने महिना ५०० रुपये मागितले, कारण कलम १२५ ची कमाल मर्यादाच तेवढी होती. ती मर्यादा उठली थेट २००१ मध्ये. दंडाधिकाऱ्यांनी ऑगस्ट १९७९ मध्ये तिला दिले महिना २५ रुपये. ती वर गेली, मध्य प्रदेश हायकोर्टाने १९८० मध्ये ते १७९ रुपये २० पैसे केले. त्यावर नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांच्या पीठाने त्याचं अपील फेटाळलं. आता सांगा, बाईच्या भल्यासाठी वर जाण्याची वाट काढून टाकली असती तर शाहबानो २५ रुपयांवर अडकल्या असत्या की नाही? अलीकडचं उदाहरण मे २०२५ चं आहे. हायकोर्टाने २०,००० रुपये ठरवलेली पोटगी सर्वोच्च न्यायालयाने ५०,००० केली आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढही जोडून दिली. वर गेली होती ती पत्नीच. ज्यांना वाटतं की अपील म्हणजे नवऱ्याचं हत्यार, त्यांनी खालच्या कोर्टांतून बायकांना किती थोडकं मिळतं हे नीट पाहिलेलं नाही.

आता पहिला तंबू, प्रत्येक निकाल वर न्यायला निघालेला. त्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा आरडाओरड्यात हरवतो, म्हणून तो मीच मांडते. पोटगी एकदा दिली की परत मिळत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम १४४ आहे, निकाल फिरला तर दिलेलं परत करायची तरतूद आहे. पण खाऊन संपलेलं धान्य परत मागता येत नाही, तसंच खर्च झालेल्या पोटगीचं होतं, आणि ती वसूल करून देणारं कोर्ट विरळाच. म्हणजे खालच्या कोर्टाने चुकून दुप्पट रक्कम लावली आणि तीन वर्षांनी अपिलात ती निम्मी झाली, तर मधल्या तीन वर्षांचे जादा पैसे गेले ते गेलेच. त्यात धडधाकट माणूस कमावू शकतोच असं कोर्टं गृहीत धरतात. पगारपत्रक नसलेला, हंगामी कामावरचा, नोकरी गेलेला माणूस अशा गृहीतकाखाली चिरडला जाऊ शकतो. थकबाकीपोटी त्याला महिनाभरापर्यंत तुरुंगातही टाकता येतं. अशा माणसाला ‘आधी भर, मग बोल’ सांगणं म्हणजे त्याचं तोंड बंद करणं नाही का? प्रश्न खरा आहे आणि तो टाळून माझी बाजू उभी राहणार नाही.

पण वाट पाहण्याची किंमत दोघांना सारखी पडत नाही. आपल्याकडच्या सर्वांत गाजलेल्या नवरा-बायकोच्या खटल्यात नेमकं हेच दिसतं. लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला यावं म्हणून नवरा दादाजी भिकाजी यांनी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, दादाजी अपिलात गेले, १८८६ मध्ये तो निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. शेवट १८८८ मध्ये तडजोडीने झाला. दादाजींना दोन हजार रुपये मिळाले आणि रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. आपण ही गोष्ट धैर्याची म्हणून सांगतो आणि ती आहेच. पण एवढी वर्षं त्या कोर्टात टिकल्या कशा? पाठीशी सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुनांचं घर होतं, शहरातली मोठी माणसं होती, खटल्यासाठी समिती उभी राहिली. निकाल फिरूनही त्या उपाशी राहिल्या नाहीत. हे पाठबळ नसलेली त्या काळातली दुसरी एखादी बाई पिन्ह्यांच्या निकालानंतर वर्षभरात मुकाट नांदायला गेली असती, आणि तिचं नाव आपल्याला माहीत नसतं. पोटगीच्या अपिलात आज तेच होतं. ज्याच्या हातात पैसा आहे तो वाट पाहू शकतो. ज्याला तो मिळायचा आहे ती व्यक्ती पाहू शकत नाही, मग ती दोन वर्षांनी म्हणते, भीक नको पण कुत्रा आवर, आणि निम्म्यात तडजोड करते. ही तडजोड नंतर ‘दोघांच्या संमतीने’ म्हणून नोंदली जाते, आणि संमतीच्या हुकूमनाम्यावर कुटुंब न्यायालय कायद्यात अपीलच नाही!

जादा भरलेले पैसे हे नुकसान खरंच, पण ते पैशांचं नुकसान असतं. न मिळालेली पोटगी हे भाड्याचं, फीचं, औषधाचं नुकसान असतं आणि ते व्याजासकट भरून दिलं तरी भरत नाही. चुकीची शक्यता दोन्हीकडे असेल तर जिथे चूक कमी दुखेल तिकडे कायद्याने झुकावं, यात पक्षपात कसला?

यावर कुणी म्हणेल, कायद्याने अपिलाआधी पैसे भरायला लावणं म्हणजे न्यायाचा दरवाजा पैशाने अडवणं. मग कामगाराच्या बाबतीत आपण कित्येक दशकं काय करत आलो? २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात जखमी कामगाराला मिळालेल्या भरपाईविरुद्ध मालकाला अपील करायचं तर आधी रक्कम आयुक्तांकडे भरल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागे. ते नसेल तर अपील दाखलच होत नसे. मोटार अपघाताच्या भरपाईविरुद्ध अपील करणाऱ्याला २५,००० रुपये किंवा निम्मी रक्कम, यांतलं जे कमी असेल ते भरावं लागतं. चेक न वटल्याच्या खटल्यात शिक्षा झालेल्याने अपील केलं तर किमान २० टक्के भरायला लावता येतील, अशी दुरुस्ती २०१८ मध्ये झाली. म्हणजे हात तुटलेल्या कामगाराचा आणि चेक न वटलेल्या व्यापाऱ्याचा विचार कायद्याने केला. वीस वर्षं घर सांभाळून पन्नाशीत बाहेर पडलेल्या बाईसाठी मात्र असा एक शब्दही नाही. तिथे सगळं न्यायाधीशांच्या मर्जीवर. दिवाणी प्रक्रिया संहिता स्पष्ट सांगते की नुसतं अपील दाखल झालं म्हणून हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. चांगले न्यायाधीश स्थगिती देताना निम्मी किंवा सगळी थकबाकी भरायला लावतातही. पण मी ज्या फायली पाहिल्या त्यांत स्थगितीची विनंती आली की ‘पुढील तारखेपर्यंत’ एवढे शब्द पडत आणि ती पुढची तारीख पुढेच सरकत राही. न्यायाधीश चांगला मिळेल या भरवशावर पोटगी का चालावी?

गरीब नवऱ्याचं काय, या प्रश्नाकडे आता येते. याचं उत्तर नागपूरच्याच त्या प्रकरणात आहे. २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना मिळकत, मालमत्ता, कर्ज, खर्च यांचं सविस्तर शपथपत्र सक्तीचं केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असं ठरवून दिलं. अशी शपथपत्रं मी उतरवून दिली आहेत. माणसाचा सगळा संसार त्या रकान्यांत येतो. एकात नवऱ्याने घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, भावाच्या लग्नासाठी काढलेलं कर्ज असं सगळं बेरजेत घालून महिन्याचा खर्च पगारापेक्षा अकराशे रुपये जास्त दाखवला होता. खाली सही, आणि सहीखाली ‘वरील मजकूर खरा आहे’. वकिलाने त्या अकराशेवर पेन्सिलीने गोल केला होता. दुसऱ्या एकात पत्नीने शिकवणीचे पैसे लिहायचे टाळले होते आणि सोबतच्या बँकेच्या उताऱ्यात दर महिन्याच्या पाच तारखेला ते येत होते. खोटं दोन्हीकडे असतं. म्हणून ज्याला भरता येत नाही त्याने हे शपथपत्र पुरतं, खरं भरावं आणि अपील कोर्टाकडून रक्कम कमी करून घ्यावी. खरा गरीब त्यातून सुटेल. लपवणारा अडकेल, आणि अडकावाच.

वर जाणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. अपील चुकीच्या दुरुस्तीसाठी असतं, बदललेल्या दिवसांसाठी नसतं. निकालानंतर नोकरी गेली, आजारपण आलं, समोरच्याने दुसरं लग्न केलं, तर त्यासाठी कलम २५ मध्येच पोटकलमं आहेत, फौजदारी बाजूला पूर्वीचं १२७ आणि आताचं १४६ आहे. तिथे अर्ज त्याच कोर्टात होतो, कमी खर्चात होतो. अपिलात कोर्ट खालच्या नोंदीवरच्या पुराव्याकडे पाहतं आणि नवा कागद सहजासहजी आत घेत नाही. तरी लोक नोकरी गेल्याचं पत्र घेऊन हायकोर्टाच्या वाटेला लागतात, कारण ‘वरच्या कोर्टात’ या शब्दांत वजन आहे. शिवाय अपील करणाऱ्याला वाटतं की फार तर आहे तेवढंच राहील. तसं नसतं. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून महिनाभरात उलट हरकती दाखल करता येतात, आणि कमी करायला गेलेली पोटगी वाढून परत येऊ शकते.

२०१७ मधला एक निकाल यासाठीच नीट वाचायला हवा. नवऱ्याच्या हाती येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के पोटगी रास्त, असं त्यात म्हटलं आणि तेव्हापासून पंचवीस हा आकडा जणू कायदाच असल्यासारखा फेकला जातो. त्या निकालात प्रत्यक्षात काय झालं? हायकोर्टाने २३,००० केलेली पोटगी सर्वोच्च न्यायालयाने २०,००० वर आणली, कारण नवऱ्याचं दुसरं लग्न झालं होतं आणि मूल होतं. टक्केवारी लक्षात राहिली, त्यामागचं कारण मात्र विसरलं गेलं. आकड्यांवरून भांडणाऱ्या दोन्ही तंबूंना हा निकाल आपलाच वाटतो, यातच सगळं आलं.

मराठेशाहीत वतनाचा तंटा सुरू होण्याआधी दोन्ही पक्ष ‘राजीनामा’ लिहून देत. आजचा नोकरी सोडण्याचा नव्हे, तर होईल तो निवाडा मान्य करण्याचा. सोबत जामीन. आणि हरणारा शेवटी ‘यजितखत’ लिहून देई, म्हणजे आपण हरलो, पुन्हा हा तंटा उकरणार नाही. त्या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते, त्यांची तरफदारी मला करायची नाही. जिंकणाऱ्याकडून हरकी म्हणजे नजराणा आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी म्हणजे दंड, असे दोन्ही हातांनी पैसे घेणारी ती व्यवस्था होती. पण भांडायला उभं राहणाऱ्याने आधी काहीतरी पणाला लावलं पाहिजे, ही समज तिच्यात होती. आज पोटगीच्या अपिलात कमी करून मागणारा काय पणाला लावतो? थोडा कोर्ट फीचा खर्च आणि वकील. बाकी सगळं समोरच्याचं पणाला लागलेलं असतं.

हे सगळं पोटगीवर येऊन का पडतं, यालाही कारण आहे. लग्नात मिळून जमवलेल्या मालमत्तेची वाटणी हा प्रकार आपल्या कायद्यात जवळजवळ नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ लग्नाच्या वेळी दोघांना मिळालेल्या भेटवस्तूंपलीकडे फारसं जात नाही. शेजारच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासून, वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. बाकी देशासाठी बायकोला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत वाटा देऊ पाहणारं विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं आणि पुढे बारगळलं. त्यामुळे संसाराची सगळी वर्षं एका मासिक आकड्यात मोजायची वेळ येते. तो आकडा चुकणार आणि त्यावर अपिलं होणार. होऊ द्यावीत. महिन्याची रक्कम मात्र थांबू नये.

भरायची म्हणजे कुठे भरायची, हेही ठरायला हवं. कोर्टात जमा केलेली रक्कम म्हणजे हातात आलेली रक्कम नव्हे. ती काढायला वेगळा अर्ज, त्यावर समोरच्याचं म्हणणं, कधी जामीन, आणि पुन्हा तारीख. निदान चालू महिन्याची रक्कम सरळ खात्यात गेली पाहिजे. कोर्टात ठेवायचीच तर मागची वादातली थकबाकी ठेवावी. ज्या बाईंची कागदपत्रं मी सगळ्यात जास्त दिवस उतरवत होते, त्या एक शाळेची दोनशे पानी वही ठेवत. पट्टीने आखलेले तीन रकाने होते, महिना, मिळाले, बाकी. स्थगिती मिळाली तेव्हा हायकोर्टाने निम्मी थकबाकी भरायला लावली आणि ती भरलीही गेली. त्या दिवशी त्यांनी वही माझ्यासमोर धरली आणि विचारलं, ‘ताई, हे पैसे कोर्टात आहेत. मग मी हे मिळालेत लिहू की बाकीत?’